माझ्या हँडलात एक चिठ्ठी होती

मी एक जुनी डोंगरी सायकल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी मनाने गरीब नाही. तुम्ही आजवर ज्या म्हाताऱ्या वस्तूंच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्या फाटक्या छत्र्या, मोडक्या खुर्च्या, बंद पडलेली घड्याळं, त्या सगळ्यांनी शेवटी सगळ्यांना क्षमा केलेली असते. मी केलेली नाही. एका माणसावर मी चार वर्षं डूख धरून होते आणि एका सकाळी मी त्याचं उट्टं काढलं. ऐकून झाल्यावर मला वाईट म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. ठिणग्या, हिरव्या रंगाचा वास आणि शेवटी एका खोक्यात आडवं होणं, एवढंच. चाकं एकीकडे, हँडल दुसरीकडे, पायडलं पिशवीत, अशी मी तुकड्यातुकड्यांनी एका सायकलच्या दुकानात आले. मला जोडलं ते त्या दुकानदाराने. खोटं कशाला बोलू, त्याचा हात चांगला होता. एकेक आरा त्याने बोटाने वाजवून पाहिला, साखळीला तेल घातलं आणि चाक असं फिरवलं की ते थांबायचं नावच घेईना. पुढे जे झालं त्याने माझा इतका जळफळाट झाला तो यामुळेच. ज्याला काही येतच नाही, त्याच्यावर माणूस किती रागावणार?

मला विकत घेतलं त्याच्या मावसबहिणीने. ती जमीन मोजणीच्या कचेरीत कामाला होती, म्हणून सगळं गाव तिला मोजणीताई म्हणे. मी नुसतं ताई म्हणते. दुकानात येणारी माणसं आधी रंग बघतात, मग घंटी वाजवतात. ताईने मला उलटं केलं, चाक फिरवलं आणि ती कान लावून ऐकत बसली. मागच्या चाकात काहीतरी कुरकुरतंय, असं तिने सांगितलं. नवीन आहे, होईल सवय, असं दुकानदार म्हणाला. ताईने ते चाक उघडायला लावलं. आत वाळूचा एक कण निघाला. आपण योग्य हाती पडलो, हे मला तेव्हाच कळलं.

आमचं गाव चुनखडीच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. हा दगड इतर दगडांसारखा नाही. पावसाचं पाणी त्याला हळूहळू खातं. वर पठारावर विहिरीएवढी भोकं पडलेली आहेत, आणि कितीही पाऊस पडो, पाणी त्या भोकांतून आत जातं आणि दिसेनासं होतं. उतारावर पाण्याने कोरलेले हातभर लांब चर असतात, त्यांच्या कडा किसणीसारख्या धारदार. कोरडा असताना हा दगड टायरला असा धरतो, की भिंतीवरूनसुद्धा उतरता येईल असं वाटावं. ओला झाला की साबणाची वडी. आणि जिथून वर्षानुवर्षं माणसं आणि शेळ्या गेल्या आहेत, तिथे तो इतका गुळगुळीत झालेला असतो की नुसतं दव पडलं तरी पुरतं.

या डोंगरांतून सायकलने खाली येण्यासाठी लांबून लांबून माणसं येऊ लागली. कोणता उतार चांगला, असं ती दुकानात विचारत आणि दुकानदार तोंडाला येईल ते सांगे. शेवटी त्या मावसभावंडांचं ठरलं. दर हंगामाला दहा सर्वोत्तम उतारांची यादी काढायची. निवडायचं ताईने, छापायचं त्याने. खाली नाव ताईचं.

निवडणं म्हणजे काय ते ताईकडून शिकावं. दुकानदाराच्या मते जो उतार जास्त उभा, तो जास्त चांगला. ताई म्हणायची, "दादा, घाबरवायला कुत्रं पुरतं. त्यासाठी डोंगर कशाला?" तिच्या मते चांगल्या उतारावर हातातलं वळण संपायच्या आत पुढचं दिसलं पाहिजे. सुटे दगड असलेच तर सरळ वाटेवर असावेत, वळणावर नकोत. मध्ये कुठेतरी थांबून दम खायला जागा हवी. आणि खाली पोचल्यावर पाय दुखत असूनही पुन्हा वर जावंसं वाटलं पाहिजे. असं वाटलं नाही, तर तो उतार तिच्या यादीत येत नसे, मग तो कितीही नावाजलेला असो.

तिचा एक नियम होता. ज्या उताराने खाली यायचं, तो आधी मला ढकलत पायी चढायचा. वरून पाहिलं की उतार स्वतःला लपवतो. खालून चढताना एकेक दगड तोंडासमोर येतो, आपली लबाडी सांगून जातो. दहा उतारांसाठी ती तीस-चाळीस उतार चढायची, तेही एकदा कोरड्यात आणि एकदा पावसानंतर. मी काही हलकी नव्हते. पण तिने मला कधी दगडावर आपटलं नाही. दमली की मला झाडाला टेकवायची आणि पाणी प्यायच्या आधी माझ्या साखळीतली खडी काढायची.

आणखी एक सवय होती, ती मात्र नीट लक्षात ठेवा. डोंगरात वही भिजते, म्हणून ती वही नेत नसे. उताराबद्दल जे सुचेल ते एका चिठ्ठीवर लिहायची, लिहिताना मोठ्याने म्हणायची, मग चिठ्ठीची सुरळी करून माझ्या हँडलच्या नळीत सरकवायची आणि तोंडाला बूच लावायची. घरी आल्यावर विणकामाच्या सुईने चिठ्ठी बाहेर काढायची आणि वहीत उतरवायची. मला वाचता येत नाही, पण माझ्या पोटात गेलेली प्रत्येक चिठ्ठी मला तोंडपाठ आहे.

चौथ्या हंगामात आम्हाला एक अपूर्व उतार सापडला. पांढराशुभ्र, रुंद, दोन्ही बाजूंना गवत, एकातून एक उलगडत जाणारी अकरा वळणं. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तो चढलो. दगड खडखडीत वाळलेला होता. ताई इतकी खूश होती की चढताना गुणगुणत होती. वाटेत एक शेळ्यावाला म्हातारा भेटला. त्याने सांगितलं की या उताराला न्हाणी म्हणतात. का म्हणतात ते बघायचं असेल, तर उद्या या, एवढं बोलून तो शेळ्यांमागे निघून गेला.

दुसरी असती तर हसून सोडून देती. ताईने कचेरीतून रजा घेतली. नेहमीच्या नियमाने आधी पायी चढलो, तेव्हा सगळं कोरडं होतं. वर बसून तिने डबा खाल्ला, तासाभराने आम्ही उतरायला लागलो. मधल्या वळणाच्या अलीकडे एक उंचवटा आहे, त्यामुळे पलीकडचं दिसत नाही. उंचवटा ओलांडला आणि समोर गुळगुळीत फरशीवरून पाणी वाहत होतं. आकाशात ढग नाही, डोंगरावर ओल नाही आणि तिथे पाणी. वरच्या भोकांतून आत गेलेलं पाणी दोन दिवस डोंगराच्या पोटात फिरून तिसऱ्या दिवशी तिथे बाहेर पडत होतं. माझी दोन्ही चाकं सुटली. डाव्या हाताला एक खोल चर होता. मी जीव खाऊन मागच्या टायरने त्याची कड पकडली. चाक वाकलं, पण ताई वाचली.

ती बराच वेळ खाली बसून होती. मग माझ्या सीटवर थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात तसं. तिने लिहायला घेतलं आणि मोठ्याने म्हणत गेली: "न्हाणी. पाऊस थांबल्यावर तिसऱ्या दिवशी मधल्या वळणावर झरा फुटतो. वरून दिसत नाही. पाऊस थांबून पाच दिवस होईपर्यंत कोणीही जाऊ नये. ही अट छापायची नसेल, तर हा उतार यादीत घालू नये." खाली तारीख आणि सही. ती चिठ्ठी तिने माझ्या हँडलात सरकवली. हात कापत होता म्हणून जरा जास्तच आत गेली. तिथे जुनं ग्रीस होतं, त्याला ती चिकटली. घरी ताईने सुई घालून पाहिलं, हाताला काही लागलं नाही. बूच ढिलं होतं, वाटेत कुठे पडली असेल, असं म्हणून तिने आठवणीतून सगळं वहीत लिहिलं. मी पोटात चिठ्ठी घेऊन गप्प राहिले. सायकल बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

त्यानंतर ताईला मोजणीच्या कामासाठी महिनाभर दूर जावं लागलं. जाताना तिने वही दुकानदाराकडे दिली आणि वाकलेलं चाक सरळ करायला मलाही तिथेच ठेवलं. मी स्टँडवर उलटी होते, चाकं वर, डोकं खाली. अशा अवस्थेत मी ऐकलं. दुकानदार वही उघडून छापखान्याला फोनवर सांगत होता. "पहिला नंबर न्हाणी. नाही, न्हाणी नको, जुनाट वाटतं. चंदेरी उतार लिहा. खालची अट? ती काढून टाका. अटी वाचून कोण येतं डोंगरात?" मग त्याने वही जुन्या टायरांच्या ढिगात टाकली आणि दोन दिवसांनी तो ढीग भंगारवाल्याने उचलून नेला. त्याच्या हाताला वंगण लागलं होतं, ते त्याने माझ्याच सीटला पुसलं.

पंधरवड्याने पाऊस पडला. थांबल्याच्या तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची मुलगी दुकानातून भाड्याने सायकल घेऊन चंदेरी उतारावर गेली. दुकानदारानेच आकाशाकडे बघून तिला सांगितलं की सगळं वाळलंय, बिनधास्त जा. दुपारी चौघांनी तिला उचलून खाली आणलं आणि दुकानासमोरच्या बाकावर ठेवलं. गुडघ्याचा चुरा झाला होता. ती एकच गोष्ट सांगत होती, तिथे पाणी होतं. बाहेर रखरखीत ऊन होतं. दुकानदार लोकांकडे बघून म्हणाला की पोरगी घाबरली आहे, तिला भास झाला. बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला आणि असला उतार निवडला कोणी, असं त्याने विचारलं. दुकानदाराने यादी दाखवली. खाली ताईचं नाव होतं. मी फक्त छापलं, असं म्हणून त्याने हात वर केले.

ताई परतली ती थेट दुकानात आली. तेव्हा तो आवाज चढवता, भांडता, तर मला इतकं लागलं नसतं. तो अगदी मायेने बोलला.

"दादा, माझी अट कुठे गेली?" तिने विचारलं.

"तू लिहिलीच नव्हतीस गं. डोक्यात असेल तुझ्या, वहीत नव्हती."

"वही दाखव."

"छापखान्यात गहाळ झाली. जाऊ दे, होतं असं माणसाकडून. मी कुणाला सांगणार नाही."

ताई मला घेऊन घरी आली. रविवारी दुपारी पायरीवर माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "मीच विसरले असेन." मित्रांनो, चिठ्ठी माझ्या पोटात होती. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. ती बेकरीवाल्याच्या दारात माफी मागायला गेली, त्यांनी दार उघडलं नाही. पुढे तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. कचेरीत एकच हद्द तीनतीनदा मोजायला लागली. घरून निघाली की कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत यायची. डोंगराकडे तर तिने पाठच फिरवली. शेवटी एक दिवस तिने मला पुसून काढलं, साखळीला तेल घातलं आणि दुकानात नेऊन सोडलं. कुणाला द्यायची त्याला दे, एवढंच तिने भावाला सांगितलं.

त्याने मला कुणाला दिलं नाही. दुकानाच्या काचेत आकड्याला टांगलं आणि खाली पाटी लावली, 'याच सायकलवरून निवडले गेले सर्वोत्तम उतार.' पाटीवर ताईचं नाव नव्हतं. यादी आता तो स्वतःच करू लागला, खुर्चीत बसून, पायावर पाय टाकून. गिऱ्हाईक ज्या उताराचं कौतुक करील तो वरच्या नंबरावर. चार वर्षांत तो एकही उतार पायी चढला नाही. माझा पुढचा टायर उन्हाने तडकला, साखळीला गंज आला, ब्रेकची रबरं दगडासारखी कडक झाली. माझ्यासमोरून रोज तो तेलाचा डबा घेऊन जायचा, दुसऱ्यांना तेल घालायचा.

मी मुकाट्याने बसले नव्हते. तो नवा पांढरा शर्ट घालून खालून गेला की साखळीतला काळा थेंब मी नेमका सोडायचे. असे पाच शर्ट मी घालवले. पाटी पुसायला वाकला की माझं पायडल त्याच्या टाळक्यात बसायचं. एकदा आकडा निसटला तेव्हा मी बरोबर त्याच्या अंगठ्यावर उतरले. तो मला शिव्या द्यायचा आणि मला बरं वाटायचं. पण एवढ्याने माझं समाधान होत नव्हतं. तो माणूस एकदा, फक्त एकदा, माझ्यावर बसून न्हाणीला यावा, एवढीच माझी इच्छा होती.

आणि तो आला. लोक विसरले असतील, असं त्याला चौथ्या वर्षी वाटलं. चंदेरी उतार पुन्हा यादीत पहिला घालायचा, आणि याच जुन्या सायकलवरून स्वतः उतरतानाचा फोटो वर छापायचा, असं त्याने ठरवलं. फोटो काढायला गावात एकच होती, बेकरीवाल्याची मुलगी. गुडघा कायमचा आखडल्यावर तिने कॅमेरा हातात घेतला होता. ती काम नाकारील असं मला वाटलं. ती न हसता हो म्हणाली. तिलाही ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती. आपल्याला खरंच भास झाला होता का, हा प्रश्न तिने चार वर्षं उशाशी घेऊन काढला होता.

दिवस दुकानदारानेच निवडला. पावसाने धुतलेल्या आकाशात फोटो चांगला येतो, म्हणून पाऊस थांबल्याचा तिसरा दिवस. तुम्ही म्हणाल, अट तर त्याने वाचली होती. वाचली होती, मित्रांनो. पण अशी अट नव्हतीच, असं चार वर्षं सगळ्यांना सांगता सांगता त्याचं त्यालाच ते खरं वाटू लागलं होतं. माझे टायर नवे घातले, कारण ते फोटोत दिसतात. ब्रेकची रबरं तशीच ठेवली, कारण ती दिसत नाहीत.

वर जायला त्याने भाड्याची जीप केली आणि आम्ही पलीकडच्या सडकेने गेलो. मुलगी मात्र काठी टेकत खालून चढली आणि मधल्या वळणाच्या खाली कॅमेरा लावून उभी राहिली. मी वर माथ्यावर होते, मध्ये उंचवटा होता, पण तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"काका, थांबा. इथे दगडातून पाणी यायला लागलंय."

दुकानदार हसला आणि खाली ओरडून म्हणाला, "तुला तेव्हाही असंच दिसलं होतं."

तो माझ्यावर बसला आणि निघाला. पाच वळणं आम्ही झोकात उतरलो. वारा लागत होता, चार वर्षांनी दगड पायाखाली होता, आणि खरं सांगते, क्षणभर मला त्याचा रागही आठवेना, इतकं बरं वाटलं. मग उंचवटा आला. समोर तीच फरशी, तेच पाणी. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. डाव्या हाताला तो चर तसाच होता. मागच्या टायरला त्याची कड लागलीसुद्धा. मी ती पकडली नाही.

लोक आजही म्हणतात की ब्रेकची रबरं कडक झाली होती, कोण काय करणार. रबरं कडक झाली होती हे खरंच आहे. पण मी ती कड सोडली हेही खरं आहे, आणि ते लपवायला मी काही दुकानदार नाही.

तो पाण्यातून घसरत गेला आणि खांद्यावर आपटला. गळ्याखालचं हाड मोडलं. माझंही हँडल एका दगडावर बसलं आणि मुठीच्या आतल्या बाजूला तुटलं. मुलीने आधी त्या वाहत्या पाण्याचे फोटो काढले, एकामागून एक, बोट न उचलता. मग ती काठी टेकत त्याच्याजवळ गेली आणि आपल्या गळ्यातल्या रुमालाने त्याचा हात बांधला. ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मला उभं करायला आली तेव्हा तुटक्या नळीच्या तोंडात तिला कागद दिसला. तिने तो ओढून काढला आणि तिथेच त्याच्यासमोर मोठ्याने वाचला. दुकानदार कण्हत म्हणाला की ब्रेक लागले नाहीत. "काका, पाच दिवस लिहिलंय," ती म्हणाली. "खाली तारीख आहे. मी पडले त्याच्या दीड महिना आधीची."

जीपवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. मुलगी मला ढकलत, लंगडत, डोंगर उतरली आणि तशीच ताईच्या दारात आली. ताईने दार उघडलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, तुटक्या हँडलकडे, गंजलेल्या साखळीकडे, मग त्या मुलीकडे. मुलीने चिठ्ठी पुढे केली. ताईने ती उभ्यानेच वाचली आणि वाचता वाचता उंबऱ्यावर बसली.

"लिहिलं होतं मी," ती म्हणाली. सहीवर बोट ठेवून पुन्हा म्हणाली, "लिहिलं होतं."

"आणि पाणी होतं ना, ताई?" मुलीने विचारलं.

"होतं. मी पण पाहिलंय ते."

मग त्या दोघी उंबऱ्यावर शेजारी बसून रडल्या. चार वर्षं एका गावात राहून त्या एकमेकींना टाळत होत्या, आणि दोघींना एकाच माणसाने वेड्यात काढलं होतं. माझं हँडल मोडलं होतं, एक मूठ हरवली होती, अंगावर ओरखडेच ओरखडे होते. तरी त्या दिवसासारखं सुख मला नवी असतानाही झालं नव्हतं.

मुलीने चिठ्ठीचा आणि वाहत्या पाण्याचा मोठा फोटो केला आणि बेकरीच्या भिंतीवर लावला, जिथे सगळं गाव सकाळी पाव घ्यायला रांगेत उभं राहतं. आठवड्याभरात दुकानदाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गळ्यात हात बांधून तो ताईकडे आला. भिंतीवरचा फोटो उतरवायला सांग, माझी अब्रू जातेय, असं म्हणाला. आपलंच माणूस म्हणून ताई विरघळेल, अशी मला भीती होती. ताईने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की नवी यादी निघेल त्या दिवशी फोटो उतरेल. यादीतला प्रत्येक उतार त्याने मला ढकलत पायी चढायचा, प्रत्येक उताराची अट स्वतःच्या हाताने लिहायची आणि खाली स्वतःची सही करायची. तो म्हणाला की दहा उतार आहेत. ताई म्हणाली, "दहा निवडायचे तर तीस चढावे लागतात, दादा."

त्याचा खांदा भरून आला तेव्हापासून आमचं काम चालू आहे. मला नवं हँडल बसलंय, नवी रबरं, नवी साखळी. हे सगळं त्यानेच केलं, आणि त्याचा हात अजून चांगला आहे. ताई पुन्हा माझ्यावर बसते. कुलूप बघायला आता परत येत नाही. ती मला पूर्वीसारखीच हलक्या हाताने धरते. दुकानदार ढकलतो तेव्हा मात्र मी होईल तितकी जड होते आणि दर दहा पावलांनी माझं पायडल त्याच्या नडगीला सापडतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल असेल. जिन्याखाली, गॅलरीत, कुठेतरी कोपऱ्यात. तिच्या साखळीला आठवड्यातून एकदा तेल घाला. ब्रेकची रबरं झिजली की बदला, ती दिसत नसली तरी. पावसात बाहेर ठेवू नका, आणि तिच्यासमोर खोटं बोलू नका. तिच्यावर माया करा. माया करता आली नाही, तर निदान तिला जरा घाबरून असा.

आज पाऊस थांबल्याचा तिसरा दिवस आहे आणि आम्ही न्हाणी चढतो आहोत. मुलगी कॅमेरा घेऊन पुढे आहे, ताई मागे. मधल्या वळणावर पाणी वाहतंय. दुकानदार धापा टाकत थांबला, मला दगडाला टेकवलं आणि चिठ्ठी लिहायला बसला. चार ओळी लिहून त्याने टोपण लावलं.

"खालची अट राहिली, दादा," ताई म्हणाली.

त्याने टोपण पुन्हा काढलं. अट लिहिली, सही केली, सुरळी करून माझ्या हँडलात सरकवली आणि बूच दाबून बसवलं. चिठ्ठी मी नीट धरली आहे. मग तो मला ढकलायला वाकला, आणि पायडल त्याच्या डाव्या नडगीवर बसलं. अजून एकोणीस उतार बाकी आहेत.